बंदिश कोणाची? डॉ. प्रभा अत्रे यांच्या रचनांविषयी

पलूसमध्ये संगीतावर बोलायचं तर गावाच्या नावापासूनच सुरुवात करावी लागते. पंडित विष्णु दिगंबरांच्या घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ. पूर्वज या गावचे, म्हणून ते पलुसकर झाले. जन्म १८७२ साली कुरुंदवाडला, शिक्षण मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि १९०१ साली थेट लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. उस्तादाच्या घरात अडकलेलं गाणं त्यांनी वर्गात आणलं, स्वरलिपीत बसवलं आणि पुस्तकात छापलं. आपल्या गावाचं नाव असं हिंदुस्थानभर गेलं.

आजचा विषय मात्र त्यांच्यानंतर बरोबर साठ वर्षांनी जन्मलेल्या एका रचनाकार बाईंचा आहे. डॉ. प्रभा अत्रे. जन्म १३ सप्टेंबर १९३२, पुणे. निधन १३ जानेवारी २०२४, पुण्यातच. गायिका म्हणून त्या आपल्याला माहीत आहेत. पद्मश्री, पद्मभूषण, पद्मविभूषण असे तिन्ही सन्मान त्यांना मिळाले. सवाई गंधर्व महोत्सवाचा समारोप अनेक वर्षं त्यांच्या गाण्यानं होत असे, हेही आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. पण आज मला गायिकेबद्दल कमी आणि रचनाकाराबद्दल जास्त बोलायचं आहे. कारण आपल्याकडे रचनाकार ही जागाच जरा अंधारात असते.

हा विषय मला का सुचला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची नात एका कार्यक्रमात मारुबिहाग गायली. बंदिश होती ‘जागू मैं सारी रैना’. निवेदकांनी जाहीर केलं, ‘आता ऐकू या मारुबिहागातली एक पारंपरिक बंदिश.’ ही रचना प्रभाताईंची. त्या वेळी त्या हयात होत्या, गात होत्या, शिकवत होत्या. मी घरी येऊन नातीला म्हटलं, ‘अगं, हे चुकीचं सांगितलं.’ ती म्हणाली, ‘आजोबा, पण पारंपरिक म्हटलं म्हणजे मोठीच झाली ना ती बंदिश?’ मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण त्या क्षणी मला उत्तर देता आलं नाही. आज जे बोलणार आहे ते उशिरा सुचलेलं उत्तर समजा.

आधी थोडं चरित्र. आई-वडील दोघंही शिक्षणक्षेत्रातले, घरात गाण्याची परंपरा नव्हती. आईची प्रकृती बरी नसे. गाणं शिकलात तर बरं वाटेल, असं कोणी सुचवलं म्हणून आईंनी शिकवणी सुरू केली. ते ऐकत ऐकत आठ वर्षांची मुलगी गाण्यात ओढली गेली. पुढे त्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिकल्या. हे दोघं बहीणभाऊ अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलं, आणि खाँसाहेब म्हणजे आपली मिरज. म्हणजे प्रभाताईंच्या गाण्याचं एक मूळ इथून तासाभराच्या वाटेवर आहे.

दुसरीकडे त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली, कायद्याची घेतली, संगीतात डॉक्टरेट मिळवली. आकाशवाणीत नोकरी केली, संगीत नाटकांत भूमिका केल्या, मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. हे सगळं यादी म्हणून सांगत नाही. विज्ञान आणि कायदा, दोन्हीकडे एक सवय लागते. कोणी काही सांगितलं की ‘कशावरून?’ असं विचारायची. गुरुमुखी विद्येत हा प्रश्न फारसा विचारत नाहीत. बाईंनी तो विचारला आणि त्यातूनच त्यांची रचना घडली, असं माझं मत आहे.

आता मुद्द्यावर येतो. युरोपात रचनाकार म्हणजे काय, ते स्पष्ट असतं. बीथोव्हेननं सिंफनी लिहिली. ती कागदावर पूर्ण आहे. वाजवणाऱ्यानं कागदाशी प्रामाणिक राहायचं. आपल्याकडे बंदिश म्हणजे स्थायी आणि अंतरा, चार-सहा ओळींचा मजकूर. नुसती म्हटली तर एक-दोन मिनिटांत संपते. गायक ती घेऊन अर्धा तास गातो. मग त्या अर्ध्या तासात रचनाकाराचा वाटा किती? काही जण म्हणतात, नगण्य. शब्द म्हणजे निव्वळ खुंटी, गाणं त्यावर टांगायचं.

खरं सांगायचं तर मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. प्रभाताईंच्या बंदिशींचे शब्द मी वाचले आणि मनात म्हटलं, यात काव्य कुठं आहे? तोच विरह, तीच जागरणं, तोच प्रियकर. हा आक्षेप इतरांनीही घेतलेला आहे आणि कविता म्हणून वाचलं तर तो बरोबरच आहे. माझी चूक वाचण्यात होती. जी गोष्ट तोंडानं म्हणायची ती मी डोळ्यांनी तपासत होतो.

आपण इथंच एक प्रयोग करू. ‘जागू मैं सारी रैना’ ही अक्षरं मोजा. जा, गू, मैं, सा, री, रै, ना. सात अक्षरं आणि सातही गुरू. एकही लघू नाही, एकही जोडाक्षर नाही, श्वास अडकेल असा एकही कठोर वर्ण नाही. मारुबिहाग हा मींडेचा, लांबवण्याचा राग. तीव्र मध्यमाभोवती रेंगाळायचं, गंधारावर विसावायचं. आता रेंगाळायला जागा कोण देणार? दीर्घ स्वर देणार. प्रत्येक अक्षरावर थांबता येतं आणि कुठेही थांबलं तरी शब्द मोडत नाही. रात्र सरत नाही, हे सांगायला इथं उपमा लागत नाही. ती अक्षरंच सरत नाहीत.

आता त्यांचीच कलावती रागातली प्रसिद्ध बंदिश घ्या, ‘तन मन धन’. त, न, म, न, ध, न. गाताना ही अक्षरं सुटी म्हणतात. सहाही लघू! अगदी उलट. कलावतीत रिषभ नाही, मध्यम नाही. पाचच स्वर, त्यामुळे षड्जावरून गंधारावर, गंधारावरून पंचमावर उडी मारावी लागते. दक्षिणेतल्या वलजी रागाचा हा जवळचा नातेवाईक. अशा उड्यांच्या रागाला टपटप पडणारी हलकी अक्षरं दिली आहेत. हे योगायोगानं होतं असं मला वाटत नाही. एकदा झालं तर योगायोग म्हणू, पण दोन विरुद्ध स्वभावांच्या रागांना दोन विरुद्ध तऱ्हेची अक्षरं मिळतात तेव्हा त्यामागे विचार असतो.

म्हणजे रचनाकाराचा वाटा कुठे आहे, ते आता दिसतं. पुढचा अर्धा तास गायकाचाच आहे. पण त्यानं कुठे लांबवावं, कुठे उचलावं, समेवर कसं यावं, याचा उतार रचनाकारानं आधीच करून ठेवलेला असतो. शेतात पाणी सोडणारा माणूस पाणी निर्माण करत नाही, पण पाट कुठून काढायचा हे तोच ठरवतो. कृष्णाकाठच्या लोकांना हे मी काय समजावून सांगणार?

दुसरा मुद्दा सरगमचा. सरगम हा त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय. अब्दुल करीम खाँसाहेबांनी कर्नाटक संगीताच्या प्रभावानं ती ख्यालात आणली, असं मानतात. जयपूरसारख्या घराण्यात मात्र आकाराला मान, सरगमला नाही. अनेक जाणकारांना ती शिकवणीतली गोष्ट वाटते. पाढे वर्गात म्हणावेत, मैफलीत नव्हे, अशी भावना. प्रभाताईंनी तिची बाजू घेतली. गाऊनही घेतली आणि लिहूनही.

यावर माझ्या विषयातून एक गोष्ट सांगतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत एक मजेदार युक्तिवाद आहे. शब्द आणि अर्थ यांचं नातं नैसर्गिक असतं, तर ‘अन्न’ म्हटल्यावर तोंड भरलं असतं आणि ‘अग्नी’ म्हटल्यावर जीभ भाजली असती. तसं होत नाही. म्हणून ते नातं संकेताचं, माणसांनी ठरवलेलं. आता सरगम पाहा. गायक गंधाराच्या जागेवर ‘ग’ म्हणतो तेव्हा नाव उच्चारलं जातं आणि त्याच क्षणी ती वस्तूही हजर होते. ‘अग्नी’ म्हटलं आणि खरंच आग लागली! आकाराला अर्थ नसतो, शब्दाला दुसरीकडचा अर्थ असतो, सरगमचा अर्थ मात्र तिच्यातच असतो. म्हणून सरगम ही ख्यालातली तिसरी भाषा आहे, पाढे नव्हेत. प्रभाताईंनी हे असं मांडलेलं नाही, हे माझं म्हणणं. पण त्यांची सरगम ऐकताना मला ते पटलं, हे कबूल केलं पाहिजे. धोकाही आहेच. जिथे स्वर नेमका लागत नाही तिथे नाव एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे राहते. त्यांची नक्कल करणाऱ्या अनेकांच्या सरगमा ऐकून हे लक्षात येतं.

आता जिथे माझं त्यांच्याशी जमत नाही, ते सांगतो. रागाची वेळ ठरलेली असते, हा सिद्धान्त त्यांनी नाकारला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, हा निसर्गाचा नियम नाही, सवयीनं पडलेला संकेत आहे. इथवर मला मान्य. पण संकेत आहे म्हणून तो टाकून द्यावा का? नैयायिक शब्दार्थाच्या संकेताला ‘समय’ असंच म्हणतात. भाषा पूर्ण समयावरच उभी आहे, म्हणून आपण भाषा टाकत नाही. पिढ्यान् पिढ्या भैरव सकाळी ऐकून माझ्या कानात जी सकाळ बसली आहे, ती खोटी कशी? विज्ञानाच्या कसोटीला ती उतरणार नाही, हे ठीक. पण अर्थ तिथूनच तयार होतो. या प्रश्नावर बाई शास्त्रज्ञ राहिल्या, आणि मला वाटतं इथं त्यांनी संगीतकार राहायला हवं होतं.

तसंच त्यांच्या नव्या रागांचं. अपूर्व कल्याण, मधुरकंस, तिलंग भैरव, पटदीप मल्हार, भीमवंती असे बरेच राग त्यांनी केले. राग टिकला की नाही, हे निर्मात्यानं तो कसा गायला यावरून ठरत नाही. दुसऱ्यानं तो हाती घेऊन त्यात निर्मात्याला न सुचलेली जागा शोधली, की मग तो टिकला म्हणायचं. त्या कसोटीवर त्यांच्या बंदिशी त्यांच्या रागांच्या पुष्कळ पुढे आहेत. जुन्या रागांत केलेल्या त्यांच्या रचना आज कितीतरी मुलं-मुली गातात. नवे राग त्या मानानं क्वचित ऐकू येतात. नवं करण्याची त्यांची ताकद मला जुन्या घरात नवी खिडकी पाडण्यात जास्त दिसते.

आता नातीच्या प्रश्नाकडे वळतो. ‘पारंपरिक’ म्हणणं हा मान की अन्याय?

ती म्हणाली त्यात तथ्य आहे. रचना इतकी सहज झाली की ती कोणी केली आहे असं वाटेनासं झालं, यापेक्षा मोठी पावती कोणती? पण जुने रचनाकार आपल्याला नावानं माहीत आहेत, ते का? सदारंग, अदारंग, प्रेमपिया, प्राणपिया. त्यांनी बंदिशीच्या आतच आपलं नाव गुंफलं. परंपरेत विरघळायचं होतं, तरी नाव सोडायचं नव्हतं. आणि ही नावं एकदा मोजून पाहा. जवळपास सगळे पुरुष. बायका शेकडो वर्षं गात होत्या. त्यांनी काहीच रचलं नसेल, हे मला पटत नाही. रचलं असेल आणि ते ‘पारंपरिक’ झालं असेल. म्हणजे या शब्दाच्या पोटात कितीतरी बायकांची नावं गडप झालेली असणार.

प्रभाताईंनी ‘स्वरांगिनी’, ‘स्वरंजनी’ अशा पुस्तकांतून आपल्या रचना स्वरलिपीसह छापल्या, त्याचं महत्त्व मला इथं वाटतं. आपल्या पलुसकरांनी छापखाना वापरला तो गाणं सगळ्यांना मिळावं म्हणून. बाईंनीही तो त्यासाठीच वापरला, पण त्यात आणखी एक गोष्ट साधली. गाणं सगळ्यांचं आणि नाव माझं, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी दाखवलं.

म्हणून माझं उत्तर असं. गाताना ती बंदिश पारंपरिकच समजून गा. बदला, वाढवा, तुमच्या गळ्याला बसेल तशी वळवा. रचनाकाराला तेच हवं असतं. पण गाण्याआधी माइकसमोर नाव घ्या. त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. नात आता तसं करते, हे आजोबा म्हणून सांगायला बरं वाटतं.

आपण घरी गेल्यावर त्यांचा मारुबिहाग आणि लगेच कलावती ऐका, आणि ऐकताना फक्त अक्षरांकडे लक्ष द्या. माझं म्हणणं पटलं नाही तर पुढच्या वेळी भांडायला या. इथंच थांबतो. नमस्कार.