आनुवंशिकतेची मराठी

शास्त्रीय विषयावरील मराठी लेखनाची परीक्षा करतांना टीकाकार बहुधा मजकूर बरोबर आहे कीं नाहीं एवढेंच पाहतो. ज्या शब्दांच्या द्वारें तो वाचकाच्या मनांत उतरतो, त्यांची झडती क्वचितच घेतली जाते. आनुवंशिकतेच्या बाबतींत ही उपेक्षा महागांत पडते, आणि आमच्या विदर्भांत तर विशेषच.

‘खाण तशी माती’ ही म्हण, ‘रक्तांतच आहे’ हा वाक्प्रचार आणि मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांतील, स्त्री म्हणजे क्षेत्र व पुरुष म्हणजे बीज, ही कल्पना हा आपला जुना ठेवा. त्यामुळें मूल म्हणजे दोन घराण्यांच्या रक्ताचें मिश्रण असें आपण मानतों. आणि पीक बिघडलें तर बोल लागतो तो जमिनीला! मेंडेलच्या १८६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधानें ही मिश्रणाची कल्पनाच मोडीत काढली. गोल व सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकरांतून प्रथम सारे दाणे गोल निपजले. पुढच्या पिढींत मात्र ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. म्हणजे मधल्या पिढींत सुरकुती नष्ट झाली नव्हती, पातळहि झाली नव्हती. ती नुसती झांकली गेली होती. शिवाय बीज दोघांचेंहि असतें.

येथें आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘प्रभावी’ व ‘अप्रभावी’ हे शब्द येतात. ते ऐकतांच वाचकाला एक गुण बलवान व दुसरा दुबळा वाटतो. सिकलसेलचें उदाहरण घ्या. १९५८ सालीं शुक्ला व सोळंकी यांनीं मध्य भारतांतील या लक्षणावर ‘लॅन्सेट’मध्यें लिहिलें, तेव्हांपासून आमच्या भागांत हा विषय परका राहिलेला नाहीं. आईबापांपैकीं एकाकडूनच हें जनुक आलें तर माणूस बहुधा निरोगी राहतो; दोघांकडून आलें तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. पण त्या निरोगी माणसाच्या रक्तांत हिमोग्लोबिन दोन्ही प्रकारचें असतें. मग ‘अप्रभावी’ काय झालें? १९५४ सालीं अॅलिसन यांनीं दाखवून दिलें कीं, असें एकच जनुक मलेरियापासून कांहींसें संरक्षणहि देतें.

अशा माणसाला आपण ‘वाहक’ म्हणतों. मला हा शब्द मुळींच पसंत नाहीं. वाहक म्हटला कीं रोग वाहणारा डास आठवतो (एस्. टी. चा वाहक निदान तिकीट तरी देतो). लग्नाच्या बोलणींत ‘मुलगी वाहक आहे’ एवढें कानावर आलें कीं, जणु संसर्ग व्हावयाचा अशा भीतीनें माणसें उठून जातात. स्वतःच्या मुलाचें रक्त तपासावें हें मात्र कोणाला सुचत नाहीं. पत्रिका तेवढी तपासलेली असते. वास्तविक मुलाच्या ठिकाणीं तें जनुक नसेल, तर संततीला हा रोग होत नाहीं. ‘धारक’ हा साधा शब्द येथें चालावा. त्यांत आरोप नाहीं.

चार मुलांचें तें नेहमींचें चित्रहि असेंच घातक आहे. दोघेहि धारक असतां तीन बाहुल्या निरोगी व एक आजारी दाखवितात. पहिलें मूल आजारी निघालेलें जोडपें त्यावरून समजतें कीं, आतां पुढचीं तिघें सुखरूप. वस्तुतः प्रत्येक गर्भधारणेच्या वेळीं संभव पुन्हां चारांत एकच असतो. चित्राखालीं हें एक वाक्य छापावयास कितीशी जागा लागते?