साथीविना साथ

वसई-विरारकडची निवृत्त मंडळी सुट्टीच्या दिवशी जमून तयार वाद्यमेळावर गातात. या कराओकेचे यंत्र १९७१ साली जपानमधल्या कोबे शहरी दाइसुके इनोउए याने बनवले. त्याला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. माझे म्हणणे आहे ते संग्रहाविषयी.

परवा एका गृहस्थांनी आपला संग्रह मोठ्या हौसेने दाखवला. हिंदी चित्रपटगीते खच्चून भरलेली, मराठी भावगीते बोटांवर मोजण्याइतकी; सामवेदी बोलीतले लग्नगीत तर एकही नाही. दोष त्यांच्या आवडीचा नव्हे. गायकाचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांत सारखा असला, तर एकीतून दुसरी वजा करून तो पुसता येतो. पण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली ‘गीतरामायणा’ची ५६ गीते झाली, तो काळ एकाच वाहिनीचा. तिथे वजाबाकी केली की उरते शून्य! (मास्तरकीचा हा एवढाच उपयोग.) मग वादक बसवून गाणे नव्याने वाजवून घ्यावे लागते, खप नसेल तेथे हा खर्च कोण करणार? आता संगणक आवाज निराळा काढतो, तरी बासरीमागे मूळ गायक पुसटसा रेंगाळतोच.

याहून मोठी उणीव निराळीच आहे. लय न बदलता पट्टी उतरवता येते. परंतु गाणारा एखाद्या शब्दावर क्षणभर रेंगाळला, तर ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही. भावगीताचा जीव त्या रेंगाळण्यातच असतो. या संग्रहात मला आवडली ती एका संगीतशिक्षिकेने नुसत्या पेटीवर वाजवून दिलेली सात गाणी. ओळ संपली की बाई श्वासापुरती जागा सोडतात.