शिरढोणचा वाडा आणि कर्नाळ्याचें रान

ग्रंथाचें परीक्षण करावयास आपण सरावलों आहों. परंतु एखाद्या वास्तूचेंहि परीक्षण त्याच काटेकोरपणानें करावें, असें मला फार दिवस वाटत आलें आहे. ज्या घरांत इतिहासाचें दर्शन घडवावयाचें असतें, तें घरहि ग्रंथाप्रमाणेंच कांहीं सांगतें, कांहीं गाळतें. पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें निघालें कीं पळस्पे मागें पडतें आणि लवकरच शिरढोण लागतें. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म येथें ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं झाला. त्यांचा वाडा स्मारक म्हणून जतन केलेला आहे. हाच रस्ता पुढें कर्नाळ्याच्या पक्षि-अभयारण्यांतून जातो. हीं दोन्ही स्थळें मीं नुकतींच एका दिवसांत पाहिलीं, आणि त्यामुळें मनांत आलेला विचार वाचकांपुढें ठेवीत आहें.

मोठ्या संग्रहालयाचें वैभव त्याच्या संग्रहांत असतें. शिल्प लेण्यांतून, ताम्रपट शेतांतून, तलवार वाड्यांतून उचलून तेथें आणलेली असते. म्हणजे वस्तु मिळते, पण तिची जागा सुटते. लहान गांवच्या संग्रहालयाजवळ संपत्ति नसते, जागा मात्र असते. म्हणून त्याची कसोटीहि निराळी हवी. आंत किती वस्तु आहेत, हें न मोजतां, बाहेर पडल्यावर भोंवतालचा मुलूख आपणांस निराळा दिसूं लागतो कीं नाहीं, हें पाहावें.

या कसोटीस आपली नेहमींची चरित्रकथा फारशी उतरत नाहीं. पुण्यांतील सरकारी नोकरी, १८७६-७७ चा दुष्काळ, रामोशांची जमवाजमव, १८७९ चें बंड, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या बंदिवासांत मृत्यु, असा तिचा क्रम असतो. तींत शिरढोण केवळ पहिल्या ओळीपुरतें येतें. वस्तुतः वासुदेव बळवंतांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार. तो किल्ला १८१८ सालीं कर्नल प्रॉथर यानें घेतला. ज्या सुळक्याकडे नातवानें लहानपणीं पाहिलें असेल, तो त्याच्या घराण्याच्या गेलेल्या अधिकाराचीच खूण होता. पुढें आई अत्यवस्थ असतां रजा वेळेवर मिळाली नाहीं, आणि ते घरीं पोहोंचले तेव्हां ती गेलेली होती. ही हकीकत पुस्तकांत वाचणें निराळें आणि त्या उंबरठ्यावर उभें राहून आठवणें निराळें.

पण जागा केवळ भक्तीच शिकविते असें नाहीं. ती अडचणींतहि टाकते. १८७९ च्या मे महिन्यांत दौलतराव नाईकाच्या टोळीनें पळस्पे व चिखली येथें मोठे दरोडे घातले. लुटलीं गेलीं तीं घरें याच पंचक्रोशींतलीं. कोणी म्हणेल, वीराच्या स्मारकांत हा विषय कशाला? स्मारकानें स्फूर्ति द्यावी, शंका नव्हे. हा आक्षेप मला मान्य नाहीं. वासुदेव बळवंतांनीं स्वतः आत्मवृत्त लिहिलें, आणि तेंच न्यायालयांत त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलें गेलें. ज्या पुरुषानें आपली कहाणी स्वहस्तानें लिहून ठेवण्याचें भय बाळगलें नाहीं, त्याच्याविषयीं आपण तरी सत्याचें भय कां बाळगावें? शेजाऱ्याचें लुटलें गेलेलें घर दृष्टीपुढें ठेवूनहि जो आदर टिकतो, तोच खरा आदर.

आतां रानाकडे वळूं. कर्नाळ्याचें अभयारण्य १९६८ सालचें. आरंभीं त्याचें क्षेत्र सुमारें ४.४८ चौरस किलोमीटर होतें. २००३ मध्यें तें १२.११ झालें. येथें येणारा बहुधा दुर्बीण घेऊन येतो. पक्ष्यांची नांवें तो तोंडपाठ सांगतो. गडाच्या दरवाजावरील मराठी व फारसी लेखांसमोर मात्र थांबत नाहीं. वाड्याला एक वाचक आणि रानाला दुसरा, अशी ही फारकत आहे. जणूं रानाला इतिहास नसतो! याच मुलखांतील चिरनेर येथें २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि माणसें मेलीं. रान कोणाचें, हा प्रश्न येथें रक्तानें विचारला गेला आहे.

इंग्लंडांत ग्रासमिअर येथें वर्डस्वर्थचें लहानसें घर आहे. तें १८९१ पासून लोकांस खुलें आहे, आणि भोंवतालच्या सरोवरप्रदेशाचें १९५१ मध्यें राष्ट्रीय उद्यान झालें. तेथें जाणाऱ्यास घर पाहिल्यावर डोंगर समजतो आणि डोंगर पाहिल्यावर कविता समजते. आपल्याकडे हा संबंध जोडण्याची निकड अधिक आहे, कारण आपली जागाच हातची निसटत आहे. याच पनवेल तालुक्यांत विमानतळासाठीं उलव्याची टेकडी कापली गेली. वस्तु कपाटांत ठेवून राखतां येते. क्षितिज कोणत्या कपाटांत ठेवणार?

म्हणून सांगणें इतकेंच, कीं शिरढोणला जाणाऱ्यानें वाडा आधीं पाहावा व त्याच दिवशीं कर्नाळा चढावा. वाड्याच्या कथेचा उत्तरार्ध तेथें उघड्यावर पडला आहे. तो वाचल्यावांचून परत फिरणारानें अर्धेंच पुस्तक वाचलें, असें मी म्हणेन.