विस्मृतीचा शाप, विस्मृतीचे औषध : एका चिनी मालिकेच्या निमित्ताने

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. ज्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांना दूरचित्रवाणीपासून दूर राहण्याचा उपदेश केला, त्याच मुख्याध्यापकाने एका चिनी अद्भुतरम्य प्रणयमालिकेवर लिहावे, ही गोष्ट विसंगत दिसते खरी. परंतु या लेखनामागे एक ऋण आहे, आणि ते आधी सांगितले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गाला मी 'मला आवडलेली कथा' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. एका मुलीने कोल्ह्याचे रूप धारण करणारी देवकन्या, स्वर्गातील युवराज आणि पीचच्या फुलांचे वन यांविषयी चार पाने लिहिली. तिचे वडील उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला होते, आणि रात्रपाळीमुळे ते घरी नसले की ही मालिका ती आईसमवेत पाहत असे. मी दोन परिच्छेद वाचले आणि तांबड्या शाईने शेरा मारला : 'विषय अनुचित. वाङ्मयीन कथा निवडावी.' पुढे दिवाळीच्या सुट्टीत माझ्या कन्येने तीच मालिका लावली. मी प्रथम वर्तमानपत्राआडून पाहू लागलो. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र खाली ठेवले.

मालिकेच्या चिनी नावाचा अर्थ 'तीन जन्म, तीन विश्वे, दहा ली पीचचा बहर' असा होतो. 'ली' हे सुमारे अर्ध्या किलोमीटरचे चिनी माप आहे. तांग छी या लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेली ही अठ्ठावन्न भागांची मालिका २०१७ साली चीनमध्ये प्रथम दाखवली गेली. यांग मी आणि मार्क चाव यांच्या प्रमुख भूमिका आहेत. नायिकेचे नाव बाई छियेन. 'बाई' हे तिचे कुलनाम असून त्याचा अर्थ 'शुभ्र'. पण ते ऐकताच मराठी श्रोत्याला ती आपल्याच घरातली वाटते, हा योगायोग गोड आहे. ती नऊ शेपट्यांच्या कोल्ह्यांच्या कुळातली. ते कोल्हे आणि त्यांचा छिंगछ्यू प्रदेश यांचा उल्लेख 'शान हाय चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथातही आहे. आपल्याकडे यक्षगंधर्वांना जशी पुराणांची पाठराखण आहे, तशीच ती या पात्रांना आहे.

कथा थोडक्यात अशी. एका दैत्यराजाशी झुंजताना बाई छियेनची शक्ती आणि स्मृती हिरावली जाते, आणि ती सामान्य मानवी स्त्री म्हणून एका निर्जन पर्वतावर येऊन पडते. तेथे स्वर्गाचा युवराज ये ह्वा तिला भेटतो. आकाश आणि पृथ्वी यांना साक्षी ठेवून ते विवाह करतात. तो तिला स्वर्गात नेतो आणि तेथे तिची परवड सुरू होते. मत्सरी सू चिन कपट रचते. स्वर्गाच्या न्यायाप्रमाणे नायिकेचे डोळे काढले जातात, आणि तेही ये ह्वाच्याच हातून! तिचे प्राण वाचवण्यासाठी त्याने हे केले, हे तिला ठाऊक नसते. पुत्र जन्मल्यावर ती उंच कठड्यावरून उडी घेते. त्या पतनाने तिला देवत्व व स्मृती परत मिळतात. तेव्हा पीचवनाच्या स्वामीकडून ती विस्मृतीचे औषध मागून घेते आणि ते दुःख पुसून टाकते. तीनशे वर्षांनी युवराज तिला भेटतो. तो तिला ओळखतो. ती मात्र त्याला ओळखत नाही. त्यांचा लहानगा पुत्र आ ली तिला पाहताच 'आई' म्हणून हाक मारतो.

येथे संस्कृत शिकलेल्या कोणत्याही शिक्षकाच्या मनात 'शाकुंतल' जागे झाल्यावाचून राहणार नाही. एकांतातील गांधर्व विवाह, राजगृही झालेला अव्हेर, विस्मृती, मध्ये गेलेला दीर्घ काळ, आणि दुरावलेल्या पतिपत्नींना एकत्र आणणारे अजाण बालक : सारे सांधे जुळतात. आमच्या बेळगाव जिल्ह्याला तर या कथेचा विशेष अभिमान वाटावा. गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले.

तथापि साम्य दाखवून थांबणे ही समीक्षा नव्हे. या मालिकेचे खरे मर्म फरकात आहे.

महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंत काहीच विसरलेला नाही. तो लोकापवादाच्या भयाने पत्नीला जाणूनबुजून नाकारतो. कालिदासाला हा नायक मानवला नाही. त्याने दुर्वासाचा शाप आणि अंगठी योजली, आणि राजा निर्दोष ठरला. शापामुळे नाटकाला अपूर्व कारुण्य लाभले हे निर्विवाद. पण शकुंतलेच्या अपमानाला कोणी उत्तरदायीच उरले नाही, हेही तितकेच खरे. सातव्या अंकात शापाची हकिकत कळताच तिच्या मनावरचे ओझे उतरते. पतीला क्षमा करावी की नाही, हा प्रश्न तिच्यापुढे कधी उभाच राहत नाही.

चिनी कथेत विसरणारी व्यक्ती बदलली आहे, आणि विसरण्याचे कारणही बदलले आहे. येथे पुरुषाला सारे आठवते आणि स्त्री विसरते. ती शापाने नव्हे, स्वतःच्या इच्छेने विसरते. विस्मृती हा तिच्यावर आलेला आघात नसून तिने घेतलेला उपचार आहे. स्मरणाचे सारे ओझे ज्याच्या हातून अपराध घडला त्याच्यावर पडते. तीनशे वर्षे ये ह्वा ते वाहतो. पुढे स्मृती परतल्यावर बाई छियेन सू चिनकडून आपले डोळे स्वतः परत घेते, माहेरी निघून जाते, आणि दाराशी तिष्ठत उभ्या राहिलेल्या पतीला भेट नाकारते. तो प्रसंग पाहताना माझ्या मनात आले की, शकुंतलेला हा अवकाश कोणी दिलाच नव्हता.

अद्भुताचे सामर्थ्य ते हेच. भरताने अद्भुताचा स्थायीभाव विस्मय सांगितला. पण विस्मय म्हणजे केवळ डोळे दिपणे नव्हे. अंतःकरणाचा जो प्रश्न नित्य व्यवहारात पुसट राहतो, त्याला अद्भुत रस मूर्त रूप देतो. 'झाले गेले विसरून जा' असे आपण घरोघरी दुखावलेल्या स्त्रियांना सांगतो. ती विस्मृती पेल्यात ओतून समोर ठेवली, की त्या उपदेशाची किंमत कळते. ज्याला विसरावे लागते त्याने क्षमा केलेली नसते.

आपल्या समीक्षेने मात्र अद्भुताला फार लवकर निरोप दिला. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्या एके काळी आवडीने वाचल्या जात. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांवरील निबंधात अशा लेखनाच्या असंभाव्यतेवर टीका केली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी वास्तवाचा जो आदर्श घालून दिला, त्यासमोर ही अद्भुतसृष्टी निष्प्रभ ठरली. तो निर्णय त्या काळी योग्यच होता, कारण त्या कादंबऱ्यांतील चमत्कार बहुधा लेखकाच्या सोयीसाठी घडत. परंतु त्यातून आम्हा शिक्षकांच्या मनात 'अद्भुत म्हणजे उथळ' असे समीकरण रुजले, आणि ते अजून गेलेले नाही.

खरी कसोटी चमत्कार आहे की नाही ही नसून, चमत्काराला मोल द्यावे लागते की नाही ही होय. या मालिकेच्या उत्तम भागांत ते द्यावे लागते. शक्ती, स्मृती, दृष्टी यांपैकी काही गमावल्यावाचून येथे कोणाला काही मिळत नाही.

दोषही आहेत, आणि ते लहान नाहीत. अठ्ठावन्न भागांपैकी वीस भाग सहज गाळता आले असते. यंत्राने रंगवलेले स्वर्गलोक डोळ्यांना लवकर थकवतात. सू चिनचे कपट इतके एकसुरी आहे की, स्वर्गातील शहाण्यासुरत्यांना ते कळू नये याचेच नवल वाटते. सर्वांत मोठा दोष शेवटी आहे. क्षमेचा प्रश्न इतक्या धैर्याने उभा केल्यावर कथा त्याचे उत्तर देण्याचे टाळते. ये ह्वा विश्वाच्या रक्षणासाठी प्राणार्पण करतो, आणि नायिकेचा राग शोकात वाहून जातो. तीन वर्षांनी तो परत येतो तेव्हा जुना हिशेब कोणी काढत नाही. कालिदासाने शापाने जे साधले, ते येथे हौतात्म्याने साधले आहे. दोन्हीकडे पुरुषाची सुटका झाली. फरक इतकाच की चिनी कथेत मधला काही काळ तरी स्त्रीच्या हाती न्याय होता.

परकीय कथेत रमल्याने आपली भाषा दुबळी होते, अशी भीती काही स्नेही व्यक्त करतात. सीमाभागात राहणाऱ्या माझ्यासारख्याला ती पटत नाही. कर्नाटकातील करकीहून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, आणि त्यांपासून स्फूर्ती घेऊन विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभे केले. मराठी नाटकाचा उगमच शेजाऱ्याच्या अंगणात पाहिलेल्या खेळात आहे. पाहणे हा दोष नव्हे. पाहिलेल्याचा विचार न करणे हा दोष होय.

त्या मुलीने विचार केला होता. सुट्टीनंतर जुन्या निबंधांच्या गठ्ठ्यातून तिची वही काढून मी चारही पाने वाचली. शेवटच्या पानावर तिने लिहिले होते की, नायिकेने औषध घेतले ते तिला पटले नाही. दुःख विसरले तर ते पुन्हा ओळखायचे कसे? मी अठ्ठावन्न भाग पाहून ज्या प्रश्नापाशी आलो, तेथे ती आधीच पोहोचली होती. माझा शेरा त्या ओळीपर्यंत आलाच नव्हता. ती आता दुसरीकडे महाविद्यालयात शिकते. वही मी तिच्या वडिलांच्या हाती परत दिली. तांबडा शेरा खोडला नाही, कारण चूक विसरण्याचे औषध शिक्षकाने घेऊ नये. त्याखाली फक्त एवढेच लिहिले : 'निबंध पूर्ण वाचला. विषय उचित आहे.'