बेघर मनोरुग्णाचे शरीर : मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील एक मौन

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. १९८७ च्या कायद्यात मनोरुग्ण हा प्रामुख्याने दाखल करून घेण्याचा व ताब्यात ठेवण्याचा विषय होता. नव्या कायद्याने त्यास हक्कधारक मानले. हे श्रेय मान्य करूनही त्याच्या संहितेतील एका मौनाकडे प्रस्तुत टिपणात लक्ष वेधावयाचे आहे.

कलम १८ अन्वये निराधार अथवा बेघर मनोरुग्णास मानसिक आरोग्यसेवा विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. मात्र या सेवेच्या व्याख्येत मनःस्थितीचे निदान, उपचार, शुश्रूषा व पुनर्वसन येते. शारीरिक आजारांचा निर्देश नाही. कलम २१ मनोरुग्णास शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने वागविण्याची हमी देते. म्हणजेच हे दोन रुग्ण भिन्न आहेत, असे येथे गृहीत धरलेले दिसते. रस्त्यावर राहणाऱ्याच्या ठायी मात्र ते एकच असतात. चिघळलेली जखम, खरूज, रक्तक्षय, क्षयरोग हे त्याच्या मनोविकाराचे सोबती होत. शिवाय काही मनोविकारविरोधी औषधांमुळे वजन व रक्तशर्करा वाढते. म्हणजे उपचारही नवी शारीरिक गरज निर्माण करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तीव्र मनोविकारग्रस्त प्रौढांच्या शारीरिक आजारांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ही बाब येथे लक्षणीय ठरते.

कोल्हापुरात हा प्रश्न भौगोलिक रूपही धारण करतो. शारीरिक उपचारांचे मोठे शासकीय केंद्र असलेले सीपीआर रुग्णालय शहरात आहे. जुने प्रादेशिक मनोरुग्णालय मात्र आंबा घाटापलीकडे रत्नागिरीस आहे. बेघर रुग्णासोबत नातेवाईक नसतो, पूर्वीचे कागदपत्र नसतात. तो वेदना सुसंगतपणे सांगू शकत नाही आणि त्याचे कण्हणे वेडाचेच लक्षण समजले जाण्याचा धोका असतो.

यावर मार्ग कायद्यातच आहे. कलम १०० नुसार पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या अशा व्यक्तीस २४ तासांच्या आत नजीकच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत आरोग्यविषयक गरजांच्या मूल्यमापनासाठी न्यावयाचे असते. येथे 'मानसिक' हे विशेषण नाही. या शब्दयोजनेचा व्यापक अर्थ स्वीकारून वजन, रक्तशर्करा, थुंकी, त्वचा, दात व जखमा यांची तपासणी पहिल्याच दिवशी नोंदविणे बंधनकारक केले पाहिजे. अन्यथा मनाला हक्क मिळूनही ते मन वाहणारे शरीर उपेक्षितच राहील, असे म्हणावे लागते.