क्षमेआधीचे मौन
टॉलस्टॉयची ‘देव सत्य पाहतो, पण थांबतो’ (१८७२) ही कथा ख्रिस्ती क्षमेचा दृष्टान्त म्हणून वाचली जाते. त्या वाचनात घटनांचा क्रम नजरेआड होतो. न केलेल्या खुनापायी सैबेरियात २६ वर्षे काढलेल्या अक्स्योनोवला खरा खुनी, मकार, तुरुंगातच भेटतो. मकारच्या भुयाराची नुसती वाच्यता केली असती, तरी सूड आयता साधला असता. अक्स्योनोव गप्प राहतो. पण द्वेष शमलेला नसतो. संशय चुकीचा असला तर, आणि सूडाने आपल्याला काय लाभणार, एवढाच त्याचा विचार. क्षमा मागाहून येते, मकारच्या कबुलीनंतर. तीही देवाच्या नावाने, आपणच कदाचित अधिक पापी असू या जाणिवेसह. सूडाचा त्याग हे येथे क्षमेचे फळ नसून तिची पूर्वअट आहे. न्याय मात्र उशिरा पोचतो: सुटकेचा हुकूम येतो तेव्हा अक्स्योनोव मरण पावलेला असतो.