नाव दगडफोड्यांचे, गाणे कुणाचे?

वाद्यवृंदांचा इतिहास लिहिणारे बहुधा शेवटच्या छायाचित्रापासून मागे चालत येतात. छायाचित्रातल्या चेहऱ्यांकडे नेणारी वाट तेवढी इतिहास ठरते. वाटेत उतरून गेलेली माणसे ‘सुरुवातीचे काही सवंगडी’ एवढ्या शब्दांत गाडली जातात. ही दृष्टी आपल्या चांगल्या परिचयाची आहे. मीही तिच्यातून सुटलेलो नाही. ते शेवटी सांगेन. म्हणून ‘बीटल्स’ या जगप्रसिद्ध चौकडीऐवजी तिच्या आधीचा, हौशी पोरांचा ‘क्वॉरीमेन’ हा संच मी येथे तपासतो आहे.

1956 साली इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात क्वॉरी बँक शाळेतल्या जॉन लेनन या विद्यार्थ्याने हा संच जमवला. नाव शाळेच्या गीतावरून घेतले. क्वॉरीमेन म्हणजे खाणीतले दगडफोडे. लेनन मावशीच्या घरी वाढला. ते घर बागेचे, मध्यमवर्गीय वस्तीतले होते. नावात श्रम होता, पण हातांना घट्टे नव्हते. आपल्याकडे दगड फोडणाऱ्याला जात चिकटते; तेथे तो शब्द पोरांना गमतीने मिरवता आला.

त्यांचे संगीत ‘स्किफल’ या प्रकारचे होते. त्याला पैसा लागत नसे. पीट शॉटन कपडे घासायची पन्हळी फळी वाजवी. हिंदुस्थान-सिलोनच्या मळ्यांतला चहा ज्या खोक्यांतून विलायतेला जाई, तसल्या रिकाम्या खोक्याला काठी नि दोरी लावून खर्जाचे वाद्य होई. इंग्लंडमध्ये ही लाट उसळवली लॉनी डोनेगनच्या ‘रॉक आयलंड लाइन’ या 1956 साली गाजलेल्या तबकडीने. पण हे गाणे जन्माने विलायती नव्हे. 1934 साली जॉन लोमॅक्स यांनी अमेरिकेतील आर्कान्सासच्या कमिन्स तुरुंग-शेतावर केली पेस व त्याच्या सोबतच्या काळ्या कैद्यांकडून ते ध्वनिमुद्रित केले. त्या दौऱ्यात लोमॅक्सबरोबर असलेला काळा गायक लेडबेली याने ते पुढे लोकांपर्यंत नेले. तो 1949 साली वारला; डोनेगनचे यश त्याने पाहिले नाही. सक्तमजुरी करणारे कैदी एकीकडे, दगडफोड्यांचे नुसते नाव लावणारी पोरे दुसरीकडे. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते मोजणे हे समीक्षेचे काम आहे.

आता सभासद पाहू. 6 जुलै 1957 रोजी वुल्टनच्या चर्चच्या जत्रेत संच वाजला. तेथे लेननला पॉल मॅकार्टनी भेटला आणि पुढे संचात आला. 1958 मध्ये जॉर्ज हॅरिसन आला. इतिहास येथपासून ‘सुरू’ होतो. माझ्या मते येथपासून तो गळायला लागतो. शॉटनची फळी लेननने त्याच्याच डोक्यावर फोडली आणि तो सुटला. रॉक-अँड-रोल आला, बॅन्जो मागे पडला, बॅन्जोवाला रॉड डेव्हिस गेला. लेन गॅरी मेंदूज्वराने इस्पितळात पडला. गिटारवाले जास्त झाले तेव्हा एरिक ग्रिफिथ्सला विजेवरची बेस गिटार घ्यायला सुचवले गेले. तेवढा पैसा त्याच्याकडे नव्हता. तो व्यापारी जहाजावर नोकरीला गेला. कॉलिन हँटन हा खुर्च्या-कोचांना गादी-कापड चढवण्याच्या धंद्यातला उमेदवार. ड्रम त्याने हप्त्यांवर घेतले होते. 1959 साली एका कार्यक्रमाहून परतताना बसमध्ये भांडण झाले. तो आपले ड्रम घेऊन उतरला तो पुन्हा आला नाही.

ही यादी ‘गुणवत्तेची चाळणी’ म्हणून सांगितली जाते. गुणवत्ता होतीच, ती मी नाकारत नाही. पण आजार, नोकरी आणि वाद्याची किंमत यांनाही चाळणीची भोके होती. 12 जुलै 1958 रोजी लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन, हँटन आणि पियानोवाला जॉन लो या पाचांनी एक तबकडी मुद्रित करून घेतली. प्रत एकच. ती आळीपाळीने घरी नेता नेता लोकडे राहिली. 1981 साली त्याने ती मॅकार्टनीला विकली, आणि 1995 साली त्यातली गाणी जगाने ऐकली. वस्तू जपली गेली म्हणून दोन नावे वाचली. ज्यांच्याकडे वस्तू नाही त्यांचे काय?

हॅरल्ड फिलिप्स ऊर्फ लॉर्ड वुडबाइन याचे पाहा. हा त्रिनिदादचा काळा कॅलिप्सो गायक 1948 साली ‘विंडरश’ जहाजाने इंग्लंडला आला. त्याने नि त्याचा भागीदार ॲलन विल्यम्स याने या पोरांना लिव्हरपुलात कामे दिली. ऑगस्ट 1960 मध्ये संच हॅम्बुर्गला निघाला तेव्हा वुडबाइन बरोबर होता. वाटेत आर्नहेमच्या युद्धस्मारकापाशी काढलेल्या छायाचित्रात तो बसलेला दिसतो. त्यात लेनन नाही. तरी त्या प्रवासाची गोष्ट लेननची झाली, वुडबाइनची नाही.

कोणी म्हणेल, बीटल्सनी काळ्या गायकांचे ऋण उघड मानले. 1964 साली जॅक्सनव्हिलला वर्णभेदाने विभागलेल्या श्रोत्यांपुढे वाजवायला नकार दिला. खरे आहे, आणि त्याचा मान राखला पाहिजे. पण व्यक्तीचा सद्भाव वेगळा, इतिहासाची रचना वेगळी. घेणे हा गुन्हा नाही. 1972 साली आपल्याकडच्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्यावरूनच घेतले, आणि 1973 च्या जाहीरनाम्यात ते नाते सांगितले. घेतलेले सांगायचे की झाकायचे, प्रश्न एवढाच आहे.

आता माझे. तरुणपणी मी वस्तीच्या गायन पार्टीत कोरसला उभा राहत असे. ढोलकीवाला रात्रपाळीला लागला नि सुटला. पेटीवाला गाव सोडून गेला. पुढे पार्टीची स्मरणिका निघाली. ती मीच लिहिली. मुख्य गायकावर आठ पाने, बाकीच्यांना ‘आणि सहकारी’. प्रकाशनानंतर ढोलकीवाल्याचा मुलगा पुस्तिका चाळत म्हणाला, “गुरुजी, यात आमचे बाबा कुठं आहेत?” मी त्या दोन शब्दांवर बोट ठेवले, आणि माझे मलाच लाजल्यासारखे झाले.

1997 साली वुल्टनच्या जत्रेला चाळीस वर्षे झाली तेव्हा क्वॉरीमेनची जुनी मंडळी पुन्हा एकत्र वाजली. त्यांना तेवढे आयुष्य लाभले. आमचा ढोलकीवाला थांबला नाही. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढायची आहे. तिच्यात आधी नावे येतील, मग पाने.